बालमानसशास्त्रासाठी ब्रिटनला जायचे असेल तर अकरावीत काय करावे

तुमची मुलगी फोंड्यात अकरावी कला शाखेत शिकते आणि बारावीनंतर तिला ब्रिटनमध्ये बालमानसशास्त्र शिकायचे आहे, तर आतापासून कोणती तयारी करावी, असे तुम्ही विचारले आहे. मीही डिचोलीहून याच विषयासाठी इंग्लंडला आले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पदवीच्या नावात ‘बाल’ हा शब्द आहे की नाही, याला मी फारसे महत्त्व देणार नाही. पुढे शैक्षणिक किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे असेल, तर ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेली मानसशास्त्राची पदवी हाच सरळ मार्ग आहे. ती इंग्लंडमध्ये तीन वर्षांची असते, आणि तिच्यानंतरही मुलांसोबत कामाचा अनुभव व तीन वर्षांची डॉक्टरेट बाकी राहते.

तिने गणित सोडले असेल, तर घरी संख्याशास्त्राचा पाया पक्का करून घ्यावा. अनेक विद्यापीठे दहावीच्या गणिताचे गुणही पाहतात. माझे गणित दहावीनंतर सुटले आणि पहिल्या सत्रात प्रमाण विचलनापलीकडचे काही कळेना. मुलांची आवड आहे म्हणून आलेल्यांना या विषयात आकडेमोड किती आहे, याची कल्पनाच नसते.

निरीक्षणाची सवय मात्र गोव्यातच लागू शकते. एकसारख्या दोन पेल्यांत सारखेच कोकम सरबत ओतावे आणि मुलाच्या डोळ्यांदेखत त्यातले एक उंच, अरुंद पेल्यात रिकामे करावे. पाच वर्षांचे मूल बहुधा उंच पेल्यात जास्त आहे असे म्हणते, सात-आठ वर्षांचे सहसा फसत नाही. मुलांच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचा हा प्रयोग नात्यातल्या मुलांवर करून त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवावेत. अंगणवाडीत मदतीला जाता आले तर उत्तमच, पण पालकांच्या संमतीशिवाय नोंदी नकोत, आणि मुलांची नावे व फोटो तर मुळीच नकोत. २०२६च्या प्रवेशापासून यूकॅसच्या (ब्रिटनमधील विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश-व्यवस्थेच्या) अर्जात तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, त्यांतला एक शिक्षणाबाहेर केलेल्या तयारीविषयी आहे. ही वही तिथे उपयोगी पडेल.

आपल्याकडे हमखास निघणारा विषय पोर्तुगीज पासपोर्टचा. जुन्या पोर्तुगीज राजवटीमुळे तो अनेक गोवेकरांकडे असतो, आणि ब्रिटन युरोपीय संघात असताना (ब्रेक्झिटपूर्वी) त्यावर तिथे सवलती मिळत. १ ऑगस्ट २०२१नंतर सुरू झालेल्या अभ्यासक्रमांना, ब्रेक्झिटपूर्वीपासून तिथे राहणारी कुटुंबे वगळता, त्या पासपोर्टवर स्थानिक विद्यार्थ्यांची कमी फी लागू होत नाही, आणि विद्यार्थी व्हिसाही काढावा लागतो. जुन्या नातेवाइकांच्या अनुभवावरून खर्चाचा हिशेब मांडू नये.

गोवा बोर्डाच्या बारावीला किती टक्के हवेत, हे विद्यापीठागणिक बदलते. काही ठिकाणी राज्य मंडळांसाठी सीबीएसईपेक्षा जास्त मागतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी लेखी विचारून घ्यावे. अर्ज निकालाच्या आधीच जातो आणि त्यासोबत शिक्षकांचे शिफारसपत्र व अपेक्षित गुण लागतात. आपल्या हायर सेकंडरींना ही पद्धत बरेचदा अपरिचित असते, तेव्हा बारावीचे वर्ग सुरू होताच प्राचार्यांना भेटून ठेवा.