तणनाशक ‘जिरतं’, ‘विघटित होतं’ की ‘अपघटित होतं’?

विचारणा अशी आहे : ॲट्राझीन या तणनाशकाच्या एका माहितीपत्रकात ‘ॲट्राझीनचे जमिनीत विघटन होते’ असं छापलंय, दुसऱ्यात त्यालाच ‘अपघटन’ म्हटलंय आणि गावात सगळे ‘औषध जिरलं’ म्हणतात. हे तिन्ही एकच का? शिवाय तणनाशक बरोबर की तृणनाशक?

तिन्ही एक नाहीत. आधी ‘जिरणं’ घेऊ, कारण सगळ्यात श्रीमंत शब्द तोच आहे आणि फसवाही तोच. मराठीत पाणी जिरतं आणि अन्नही जिरतं. पाणी जिरतं तेव्हा ते पाणीच राहून खाली जातं. अन्न जिरतं तेव्हा त्याचे रेणू मोडून दुसरेच पदार्थ तयार होतात. (मस्ती जिरते ती तिसरीच गोष्ट.) म्हणून ‘औषध जिरलं’ असं कुणी म्हटलं की विचारावं, पाण्यासारखं की अन्नासारखं?

पॅराक्वाट हे तणनाशक पहिल्या प्रकाराचं, म्हणजे न मोडता जिरण्याचं, टोकाचं उदाहरण. त्याच्या रेणूवर धन विद्युतभार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण. त्यामुळे ते मातीला असं घट्ट चिकटतं, की त्याचा तणांवरचा परिणाम लगेच थांबतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं जिरलं. पण मोडलेलं मात्र फारसं नसतं, वर्षानुवर्षं मातीत तसंच राहतं. याला ‘अधिशोषण’ म्हणावं. विघटन मुळीच म्हणू नये.

आता अपघटन. दहावीच्या पुस्तकातली अपघटन अभिक्रिया म्हणजे एका पदार्थापासून दोन किंवा अधिक पदार्थ होणं. चुनखडी तापवली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड. विघटन हा शब्द शाळेत जीवशास्त्राच्या बाजूनं येतो, जिवाणू आणि बुरशी हे ‘विघटक’. शब्दांच्या अर्थातच ही वाटणी आहे असं नाही, दोन्हींच्या मुळाशी ‘घट्’ हा एकच धातू आहे. पण रुळलेली वाटणी सोयीची आहे, ती मोडू नये. पाण्यामुळे होतं ते जलअपघटन, उन्हामुळे होतं ते प्रकाशअपघटन, सूक्ष्मजीव करतात ते जैवविघटन.

ॲट्राझीनमध्ये यातल्या दोन वाटा शेजारी शेजारी चालतात. पहिल्या वाटेत पाण्याशी अभिक्रिया होऊन रेणूवरचा क्लोरीन निघतो आणि त्या जागी हायड्रॉक्सिल गट बसतो. तयार होतं हायड्रॉक्सीॲट्राझीन. ते तण मारत नाही आणि मातीला धरून राहतं. गंमत म्हणजे नाव जलअपघटन असलं, तरी इथे रेणूचं कडं (अणूंचं मूळ वलय) शाबूत असतं. एक गट जाऊन दुसरा आला, इतकंच. दुसऱ्या वाटेत सूक्ष्मजीव बाजूची इथाइल शेपटी तोडतात, क्लोरीन तसाच राहतो. हे डेसइथाइल-ॲट्राझीन मातीला कमी चिकटतं, म्हणून पाण्याबरोबर सहज खाली झिरपतं. जर्मनीत ॲट्राझीनवर 1991 मध्ये बंदी आली, तरी पुढे कित्येक वर्षं तिथल्या भूजलात मूळ ॲट्राझीन आणि हे डेसइथाइल रूप दोन्ही सापडत राहिली. युरोपीय संघानं 2004 मध्ये ॲट्राझीनला मंजुरी नाकारली ती भूजलाच्याच मुद्द्यावर. पिण्याच्या पाण्यासाठी तिथली मर्यादा लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम आहे.

म्हणून ‘पूर्ण विघटन’ हे शब्द मला खटकतात. एक-दोन पायऱ्या झाल्या असतील तर ‘रूपांतर’ म्हणावं. रेणू पार कार्बन डायऑक्साइड, पाणी, अमोनिया इथपर्यंत पोचला, तरच ‘खनिजीकरण’. ग्लायफोसेट या तणनाशकाचंही असंच. जंतू त्याचं अमिनोमिथाइल फॉस्फॉनिक आम्ल करतात आणि ते बहुधा मूळ औषधापेक्षा जास्त टिकतं. माहितीपत्रकात अर्धायुष्य (औषध निम्मं व्हायला लागणारा काळ) दिलेलं असतं ते सहसा फक्त मूळ रेणूचं. ॲट्राझीनचं अर्धायुष्य ढोबळमानानं 60 दिवस धरतात, पण माती, ओल आणि उष्णता बदलली की तेही बदलतं. शिवाय 60 दिवस धरले तरी 120 दिवसांनी पाव भाग उरतोच.

उरलं तणनाशक आणि तृणनाशक. ‘तण’ हा ‘तृण’चाच तद्भव, पण मराठीत दोघांचे संसार वेगळे झाले. तृण म्हणजे गवत, तण म्हणजे पिकात नको असलेलं काहीही, मग ती गाजरगवतासारखी रुंद पानांची वनस्पती का असेना. ॲट्राझीनला तर तृणनाशक मुळीच म्हणू नये. ते फवारतात मका आणि उसात, आणि दोन्ही पिकं गवताच्याच कुळातली. मक्याला ते बाधत नाही, कारण मका इतर मार्गांबरोबर स्वतःच्या पेशींत तेच करतो जे मातीत होतं : क्लोरीन काढून हायड्रॉक्सीॲट्राझीन. मक्यापुरतं औषध खरोखर अन्नासारखं जिरतं.