आधी रुंदी मोजा, मग सीट घ्या

सायकलला जाड जेलची सीट घेऊ नका. तासाभरात बुडाची दोन हाडं तिच्यात रुततात, मधला नाजूक भाग दाबला जातो आणि बधिर होतो. रुंदी मोजायला खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्यावर पाय थोडे उंच ठेवून बसा. उमटलेल्या दोन खड्ड्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा, त्यात २०-३० मिमी मिळवा. तेवढी रुंद सीट बघा. बसवताना सपाटच ठेवा. नाक, म्हणजे सीटचं पुढचं टोक, फार खाली केलंत तर पुढे घसरून भार मनगटांवर येतो. पेडल तळाशी असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. चालवताना कंबर डोलली तर सीट उंच आहे, २-३ मिमी उतरवा.

पॅडेड शॉर्टच्या आत चड्डी नको, आपल्याकडच्या घामट हवेत शिवणीच काचतात. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या चढांवर मधूनमधून उभं राहून पेडल मारा. आणि हो, खाऱ्या वाऱ्याने सीटखालचे रेल, म्हणजे तिला धरणारे दांडे, गंजतात. ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा.