गवत हिरवं आहे तोवर पट्टा काढा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साताऱ्याच्या मोरणा खोऱ्यात सासरचं घर, मागं डोंगर, यजमान मुंबईत नोकरीला, घरात तुम्ही, सासूबाई आणि दोन म्हशी. मागच्या मार्चात वणवा गोठ्यापासून पन्नास पावलांवर येऊन विझला. सासूबाई म्हणतात, यंदा आपणच माळ आधी जाळून टाकू, गवतही जोमानं येईल. शेजारी म्हणतात, वनखातं गुन्हा घालेल, आणि आता चुलीवरही बंदी येणार. तुम्ही विचारलंय की यंदा पाऊस भरपूर झालाय, तर वणव्याची भीती कमी असेल का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथंच सगळे फसतात. पाऊस भरपूर झाला की वणवा जास्त. माझं गाव जावळीत, मेढ्याच्या वरच्या अंगाला. तीस वर्षं हेच बघतोय. कोयनानगर-नवजाच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो सगळा जून ते सप्टेंबरात. परतीचा पाऊस सरला की मे महिन्यातल्या वळवापर्यंत आभाळातून थेंब नाही. त्या चार महिन्यांच्या पावसानं कमरेएवढं झालेलं गवत पुढचे सहा-सात महिने उभ्या उभ्या वाळतं. पूर्वेकडच्या दुष्काळी माण-खटावात पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तिथं गवतच विरळ, आगीला धरायला काही नसतं. म्हणजे यंदा तुमच्या डोंगरावर जळण जास्त आहे. आणि वळवाच्या भरवशावर तर राहूच नका. तो या डोंगरावर पडतो नि त्या डोंगरावर नाही, आणि तो येईपर्यंत माळ काळा होऊन गेलेला असतो.

म्हणून वणव्याचं काम मार्चात नसतं, आत्ता असतं. दिवाळी होऊन आठवडा झालाय, गवत बुडाशी अजून ओलं आहे, कुसळं पुरती टणक झालेली नाहीत. घराभोवती आणि गोठ्याभोवती गवत कापून आगीला अडवणारा मोकळा पट्टा आत्ताच काढायला घ्या. कापलेलं गवत म्हशी खातात, म्हणजे पट्टा फुकटात निघतो. हेच काम जानेवारीवर टाकलंत की गवत ठिसूळ होतं, म्हैस तोंड लावत नाही, आणि मग माणूस काडेपेटीकडं बघायला लागतो.

पट्टा किती रुंद? वीस फूट तरी पाहिजे. पण तुमच्या वर्णनात मला वेगळीच गोष्ट खटकली. तुमचं सगळं लक्ष मागच्या डोंगराकडं आहे. घराच्या खालच्या बाजूला, रस्त्यापर्यंत काय आहे? पडीक रान असेल तर धोका तिथं जास्त. आग चढाला पळते आणि उताराला रांगते. दिवसा ऊन तापलं की वाराही खोऱ्यातून वर चढतो, ज्वाळा वरच्या गवतावर वाकतात आणि ते आधीच सुकवून टाकतात. वरून येणारी आग तुम्हाला डहाळ्यांनी अडवता येईल, खालून रस्त्याकडच्या विडीनं लागलेली आग येईल तेव्हा वेळ मिळणार नाही. म्हणून खालच्या बाजूचा पट्टा दुप्पट ठेवा. वरच्या बाजूला मात्र चर असेल तर तो साफ करा, कारण जळती लाकडं आणि शेणाच्या वाळल्या पोहट्या गडगडत खाली येतात. गवत कापल्यावर बुडखे उरतात ते खुरप्यानं खरवडून माती उघडी पाडायची. कंटाळवाणं काम आहे, मी मान्य करतो. पण मागच्या वेळी आग पन्नास पावलांवर थांबली असं तुम्ही लिहिलंय, ती का थांबली ते जाऊन बघा. बहुतेक तिथं पायवाट नाही तर नांगरलेलं वावर असेल.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्या खोटं बोलत नाहीत. जाळलेल्या जागी कोवळे फुटवे लवकर दिसतात, आणि पूर्वी कुमरी (डोंगर जाळून केलेली फिरती शेती), भाजावळ करूनच आपली माणसं जगली. भाताच्या, नाचणीच्या तरव्याचा (रोपांच्या वाफ्याचा) राब, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा घालून जागा भाजणं, आजही करतात. पण राब म्हणजे चार वाफे, माळ नव्हे. उघड्या उतारावरची राख पहिल्या दणक्यालाच ओढ्यात जाते, सोबत वरची मातीही. आणि उगवतं काय ते बघा. पवना, मारवेल ही जनावरं आवडीनं खातात ती गवतं वरचेवर जाळल्यानं मागं पडतात आणि टोकदार कुसळांचं कुसळी गवत माजतं. कुसळीचं बी पिळाच्या शेपटीनं स्वतःला मातीत रुतवून घेतं, त्यामुळं वरून आग गेली तरी ते वाचतं. दहा वर्षं डोंगर जाळला की दहा वर्षं कुसळीची लागवड केली असं समजा. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना विचारा की त्यांच्या लहानपणी या डोंगरावर कुठलं गवत होतं. माझ्या आईला मी असंच विचारलं होतं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग तिनं तीन-चार नावं सांगितली, त्यातली दोन मी कधी पाहिलेलीच नाहीत.

(२०२१ च्या जुलैत तुमच्याच खोऱ्यात आंबेघरला दरड आली. तो पाऊसच अचाट होता, त्याचा दोष मी वणव्यावर टाकणार नाही. पण उघड्या बोडक्या उताराखाली राहणाऱ्यानं गवताचं मूळ फुकट घालवू नये, एवढं वाटतं.)

आणि मी हे शहाणपण पुस्तकातून आणलेलं नाही. सोळा वर्षांपूर्वी मार्चात सकाळी अकराला मी माझाच बांध पेटवला. वारा नव्हता. अर्ध्या तासात सुटला. चुलतभावाच्या वैरणीच्या दोन गंजी गेल्या आणि माझी स्वतःची सतरा आंब्याची कलमं. वैरण मी भरून दिली, पण दोन वर्षं आमच्या घरात एकमेकांच्या हळदीकुंकवाला जाणं नव्हतं. तेव्हापासून काही जाळायचंच असेल तर दव असताना, पहाटे, चार माणसं आणि पाण्याची पिंपं उभी करून, वनरक्षकाला आणि शेजाऱ्यांना आधी सांगून. तेही आपल्या मालकीच्या रानात आणि जंगलाच्या हद्दीपासून लांब.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय वन अधिनियम १९२७, कलम २६ : राखीव जंगलात आग लावणं किंवा जंगलाला धोका होईल अशी आग पेटती सोडणं गुन्हा आहे, शिक्षा कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. म्हणजे आग तुमच्या बांधावर लावली आणि जंगलात गेली तरी सुटका नाही. अभयारण्यात वन्यजीव कायद्याचं कलम ३० लागतं. तुमच्या वरच्या अंगाला कोयना अभयारण्य (सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचाच भाग) असेल तर हद्द कुठून जाते ते वनरक्षकाकडून दाखवून घ्या. वन अधिनियमाचंच कलम ७९ फार कमी लोकांना माहीत असतं : ज्यांना जंगलात चराईचे किंवा सरपणाचे हक्क आहेत, त्यांनी वणव्याची खबर देणं आणि विझवायला मदत करणं बंधनकारक आहे.

चुलीवर बंदी नाही. घरात चूल पेटवायला कोणी अडवत नाही, प्रश्न लाकूड कुठून आणलं याचा आहे. स्वतःच्या रानातल्या पडलेल्या, वाळक्या फांद्या बिनधास्त आणा. उभं झाड मात्र वाळलेलं असलं तरी थांबा. १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, आंबा, फणस, साग, खैर अशी झाडं आहेत, ती मालकीची असली तरी परवानगी लागते. मेलेल्या झाडाला परवानगी सहसा मिळते, पण अर्ज द्यावाच लागतो. अभयारण्यातून मोळी आणायची नाही, वाळकीसुद्धा.

सरपणाचा एक घोळ मी बऱ्याच घरांत बघतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांचं जळण उन्हाळ्यातच साठवावं लागतं, आणि ते पडवीला, भिंतीला टेकवून रचतात. म्हणजे ऐन वणव्याच्या दिवसांत घराला इंधनाचं कुंपण. मे संपेपर्यंत ढीग घरापासून लांब, खरवडलेल्या जागेवर ठेवा. मृगाच्या आधी चार-पाच दिवस आत घ्या. वैरणीची गंजही तशीच, गोठ्याला चिकटून नको. आणि चुलीतली राख! उकिरड्यावर टाकलेल्या राखेत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत असतो. पाणी ओतल्याशिवाय फेकू नका. गॅस असेल तर फेब्रुवारी ते मे दुपारचा स्वयंपाक त्यावर करा, वारा दुपारीच सुटतो.

वणवा दिसलाच तर १९२६ हा वनखात्याचा क्रमांक लावा, वनरक्षकाचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडं मोबाइल नोंदवला की उपग्रहानं टिपलेल्या आगीचा संदेश येतो. पण त्यावर विसंबू नका. उपग्रह दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमाराला डोक्यावरून जातात, चार वाजता लागून नवाला संपलेली गवताची आग त्यांना दिसतच नाही.

विझवायला एकट्या जाऊ नका. नायलॉनची साडी, गाऊन अंगावर नको, सुती कपडे, पायात बूट. ओल्या पानांचे डहाळे घेऊन आगीच्या बगलेनं मारत जायचं, तोंडासमोर कधीच नाही, आणि आगीच्या वरच्या उतारावर तर मुळीच नाही. डहाळा आपटायचा नाही, दाबायचा, आपटलं की ठिणग्या उडतात. अडकलात तर जळून काळ्या झालेल्या जागेत शिरा, तिथं आग परत येत नाही. म्हशींचं दावं वणव्याच्या दिवसांत झटक्यात सुटेल असं बांधा.

हे सगळं एकट्या घरानं होत नाही. वाडीत किती घरं आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. आमच्याकडं अकरा घरं मिळून दरवर्षी नोव्हेंबरात दोन रविवार घालतो, जेवण ज्याच्या रानात काम त्याच्याकडं. पहिल्या वर्षी तीनच घरं आली होती. तुम्ही खालच्या रानाचा मालक कोण ते आधी शोधा. तो मुंबईत असेल तर त्याला फोन करून गवत कापायची परवानगी घ्या, तुमच्या म्हशींना वैरण होईल आणि त्याची कलमं वाचतील. घराच्या चारी बाजूंचे फोटो इथं टाका, पट्टा कुठून काढायचा ते बघून सांगतो.