देवाने 'टाकलेला' की 'हिणकस' ठरलेला?

नेरुळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मंडळीत पाळकांचा संदेश इंग्रजीत असतो आणि तो शेजारी उभं राहून मराठीत सांगायचं काम ताईंकडे आहे. बायबलमधल्या शौल राजाच्या गोष्टीत त्या बोलून गेल्या, "शौलाने आज्ञा मोडली म्हणून देवाने त्याला टाकलं." उपासना संपल्यावर एका आजींनी हटकलं, "टाकलं नको गं म्हणूस, देव टाकत नाही." तरुण संघातली मुलं म्हणाली, "रिजेक्ट केलं म्हणा ना, सगळ्यांना कळतं." ताईंनी पाळकांच्या तोंडी येणारा इंग्रजी शब्द 'रेप्रोबेट' कोशात पाहिला, तर भ्रष्ट, दुराचारी, पतित असे अर्थ निघाले. आता नेमकं काय म्हणावं?

ताई, आजींचा कान तयार आहे. मराठीत वस्तू टाकली तर काही बिघडत नाही, पण माणूस टाकला की वाक्याचा तोल बदलतो. 'नवऱ्याने टाकली', 'मुलांनी म्हाताऱ्या आईला टाकलं', 'गावाने वाळीत टाकलं' ही वाक्यं ऐकताना आपला जीव टाकलेल्या माणसासाठी तुटतो आणि दोष टाकणाऱ्याच्या माथी जातो. त्यामुळे 'देवाने शौलाला टाकलं' म्हटलं, की शौलाने काय केलं हे कुणी विचारतच नाही. 'नापसंत' शब्दाची अडचण वेगळी. त्यात कांदेपोह्यांचा वास आहे. मुलगी का नापसंत, याला कारण लागतंच असं नाही.

'भ्रष्ट' तर मी सरळ बाजूला ठेवीन. मुळात त्याचा अर्थ 'खाली घसरलेला', आणि 'पदभ्रष्ट' हा शब्द शौलाला चपखल बसतो. पण नुसतं 'भ्रष्ट' म्हटलं की हल्ली टेबलाखालून पाकीट घेणारा माणूसच डोळ्यांसमोर येतो. त्याला कोण काय करणार!

मूळ गोष्टीत काय शब्द आहे ते पाहू. १ शमुवेल, अध्याय १५. अमालेकी लोकांचा आणि त्यांच्या गुराढोरांचा समूळ नाश कर, अशी शौलाला आज्ञा होती. (आज हे वाचताना घास अडकतो, पण तो वाद इथे नको.) शौलाने अगाग राजाला जिवंत ठेवलं आणि मेंढरं-बैलांतले चांगले चांगले राखले. वर शमुवेल संदेष्टा आल्यावर म्हणतो, मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानांवर हा मेंढरांचा आवाज कुठला येतोय?

इब्री (हिब्रू) भाषेत या अध्यायात 'कोल' म्हणजे आवाज हा शब्द सारखा येतो. सुरुवातीला परमेश्वराच्या शब्दांचा कोल ऐक, मग मेंढरांचा कोल, मग बळी देण्यापेक्षा परमेश्वराचा कोल ऐकणं बरं, आणि शेवटी शौलाची कबुली की मी लोकांना भ्यालो, त्यांचा कोल ऐकला. सगळी गोष्ट कुणाचं ऐकलं यावर फिरते. इब्रीत 'शामा' म्हणजे ऐकणे, आणि तोच शब्द आज्ञा पाळण्यालाही. आपल्याकडे वेगळं काय आहे? "पोरगं ऐकत नाही" म्हणणारी आई मुलाला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. म्हणून 'आज्ञापालन', 'अवज्ञा', 'आज्ञाभंग' हे जड संस्कृत शब्द इथे हात आखडून वापरावेत असं माझं मत. 'आज्ञाभंग' म्हटलं की पोलीस चौकी आठवते. 'ऐकलं नाही' म्हटलं की घर आठवतं, आणि ही गोष्ट घरातली आहे. नव्या करारातल्या रोमकरांस पत्रात (५:१९) आदामाच्या अपराधाला प्रेषित पौलाने वापरलेला ग्रीक शब्द 'पाराकोए' याच घराण्यातला. 'अकोए' म्हणजे ऐकणं आणि 'पारा' म्हणजे बाजूला. मराठीत याला तयार वाक्प्रचारच आहे, कानाआड करणे.

आता तेविसावं वचन. 'माअस' हे एकच क्रियापद त्यात दोनदा येतं. तू परमेश्वराचा शब्द 'माअस' केलास, म्हणून त्याने तुला राजा म्हणून 'माअस' केलं. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकातही (४:६) हाच घाट आहे. तुम्ही ज्ञान माअस केलं, म्हणून मी तुम्हाला याजक म्हणून माअस करीन. जे त्याने शब्दाचं केलं तेच त्याच्या पदाचं झालं, हा या रचनेचा जीव. 'आज्ञा मोडली म्हणून टाकलं' या वाक्यात नेमकी तीच गाठ सुटते, कारण क्रियापदं दोन होतात. 'नाकारणे' दोन्हीकडे चालतं, पण ते फार कोरडं आहे, अर्ज नाकारल्यासारखं. 'झुगारणे'ही चालेल. हुकूम झुगारतात आणि माणसालाही झुगारून देतात, फक्त त्यात हाताचा हिसका जास्त आहे.

माझी निवड 'अव्हेरणे'. संतांच्या वाङ्मयात भेटणारा जुना, मऊ वाटणारा, पण आत धार असलेला शब्द. तो शब्दालाही लागतो आणि माणसालाही. "शौलाने देवाचा शब्द अव्हेरला, म्हणून देवाने राजा म्हणून त्याला अव्हेरलं." यातलं 'राजा म्हणून' गाळू नका. शौल त्या दिवशी मेला नाही, पुढेही बराच काळ गादीवर होता. गेली ती नेमणूक. आणि ज्या शमुवेलाने त्याला हे सुनावलं, तो आदली रात्रभर परमेश्वराकडे आक्रोश करत होता, हेही त्याच अध्यायात आहे. तरुण मुलांना 'अव्हेरणे' कळणार नाही अशी शंका असेल तर एकदा अर्थ सांगून टाका. दहा मिनिटांत रुळेल.

पण पाळक 'रेप्रोबेट' म्हणतात तेव्हा ते बहुधा शौलावर नसून पौलाच्या पत्रांत असतात. तिथला ग्रीक शब्द 'अदोकिमोस' अगदी वेगळ्या दुकानातला आहे. 'दोकिमोस' म्हणजे पारखून खरा ठरलेला. धातूला, नाण्याला लावायचा शब्द. 'अदोकिमोस' म्हणजे त्या पारखीत न उतरलेला. लॅटिन 'रेप्रोबुस'मध्येही पारखच आहे. दुराचारीपणा इंग्रजीने नंतर चिकटवला. नव्या करारात हा शब्द आठदा येतो. रोमकरांस १:२८ मध्ये पौल त्यावर कोटीही करतो. लोकांनी देवाला पारखून पसंत केलं नाही, म्हणून देवाने त्यांना पारखीत न उतरलेल्या मनाच्या हवाली केलं. पुन्हा तोच शौलाचा घाट, बघा.

याला मराठीत जो शब्द आहे तो इतका नेमका आहे की मला हेवा वाटतो. हिणकस. हीण म्हणजे धातूतली भेसळ, कस म्हणजे कसोटीच्या दगडावर उमटणारी रेघ. 'हिणकस शेरा' म्हणताना आपण हे विसरलेलो असतो, पण शब्द सराफाच्या पेढीवरचा आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात ६:२९-३० वाचताना तर तो आपसूक तोंडात येतो. भाता फुंकून फुंकून थकला, शिसं आगीत संपलं, तरी गाळणाऱ्याचे कष्ट फुकट, कारण वाईट ते निघालंच नाही. म्हणून लोक त्यांना नाकारलेली चांदी म्हणतील, परमेश्वराने त्यांना नाकारलं आहे. त्या काळी चांदी शुद्ध करताना मुशीत शिसं घालत. ते जळताना बाकीचा मळ घेऊन जाई. इथे शिसं सरलं आणि मळ तसाच राहिला. या ओळीतही 'माअस'च आहे, आणि जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे 'दोकिमोस'च्याच कुळातलं क्रियापद आलं. म्हणजे इब्री अव्हेर आणि ग्रीक पारख यांची गाठ पौलाच्या आधीच पडलेली होती.

१ करिंथकरांस ९:२७ मध्ये मात्र हिणकस नको. तिथे पौल शर्यतीबद्दल, स्पर्धकाच्या कडक सरावाबद्दल बोलतोय आणि म्हणतो, इतरांना सांगून झाल्यावर मी स्वतःच अदोकिमोस ठरू नये. तिथे खो-खोच्या मैदानावरचा 'बाद' घ्या. "मी स्वतःच बाद ठरू नये." हे वचन आणखी एका कारणाने महत्त्वाचं, इथे बाद होणं आधीच ठरलेलं नाही. कुणाला तारायचं आणि कुणाला नाही हे देवाने आधीच ठरवलं आहे, असं मानणारी एक धारा आहे, कॅल्विनच्या नावाने ओळखली जाणारी. तुमचे पाळक त्या अर्थाने बोलत असतील तर 'बाद' चालणार नाही. तिथे आधीच्या निवडीचा शब्द लागेल. ते त्यांनाच विचारा.

राहिला मुलांचा 'रिजेक्ट'. त्याला मी नाक मुरडणार नाही. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात अकरा वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली. दिवसभर हातात मापं, आणि न बसलेल्या तुकड्याला लाल चिठ्ठी. लॅटिनात 'रिजेक्ट' म्हणजे मागे फेकणे, म्हणजे मुळात तो 'टाकणे'चाच भाऊ. पण कारखान्याने त्याला पारखीचा अर्थ दिला. रिजेक्ट म्हणजे मापात न बसलेला, मग साहेबाला तुकडा आवडो न आवडो. तुमच्या मुलांपैकी कुणाचे आईवडील रबाळे-महापे पट्ट्यात कामाला असतील तर त्यांना हा अर्थ लगेच पटेल. आमच्या टेबलाखाली लाल चिठ्ठीच्या मालासाठी दोन पेट्या असत, एक रिवर्कची, म्हणजे दुरुस्त करून घ्यायच्या मालाची, आणि एक भंगाराची. 'अदोकिमोस' फक्त लाल चिठ्ठीपर्यंत येतो, पेटी सांगत नाही. इब्रीकरांस ६:८ मधली काटेकुसळं देणारी जमीन अदोकिमोस आहे, शापाच्या जवळ आलेली आहे, आणि लगेच पुढच्या वचनात लेखक वाचकांना म्हणतो की तुमच्याबद्दल आमची खात्री याहून चांगली आहे. रोमकरांस अकराव्या अध्यायात तर तोडलेली फांदी पुन्हा कलम होते.

आजींना एवढं सांगा की 'देव टाकत नाही' याला आधार तिथेच, त्या अकराव्या अध्यायाच्या पहिल्या दोन वचनांत आहे. आणि रविवारी स्तोत्र ११८ निघालं तर बावीसाव्या वचनावर थांबा. गवंड्यांनी नाकारलेला दगड कोनशिला झाला, तिथेही क्रियापद 'माअस'च आहे. फक्त मुलांना आधी सांगा, कोनशिला म्हणजे मंत्र्यांच्या नावाची संगमरवरी पाटी नव्हे.