समुद्रचित्रातील ‘उजेड’, ‘झळाळी’ आणि ‘भाववृत्ती’

समुद्रचित्राचे रसग्रहण लिहिताना प्रकाशासाठी ‘छायाप्रकाश’ हा शब्द सरसकट वापरता येईल का, आणि ‘मूड’साठी ‘वातावरण’ म्हणावे की ‘भाववृत्ती’, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

‘छायाप्रकाश’ हा शब्द घन वस्तूच्या चित्रणात शोभतो. चेहऱ्यावर किंवा वस्त्राच्या चुणीवर एका बाजूने प्रकाश पडतो, दुसरी बाजू काळवंडते आणि त्यातून वस्तूची गोलाई जाणवते. हा परिणाम सांगायला तो नेमका आहे. पाण्याची गोष्ट वेगळी असते. ते प्रकाश परतवते, आणि लाट पातळ झाली की त्याला आरपारही जाऊ देते. म्हणून आकाश आणि पाणी यांवर सारखा पसरलेला असेल तो ‘उजेड’, ढगांच्या फटीतून तिरकी उतरते ती ‘तिरीप’, आणि पाण्यावरून डोळ्यांकडे परतते ती ‘झळाळी’, असा भेद पाळावा. रशियन चित्रकार आयवाझोव्स्की यांच्या १८५० सालच्या ‘नववी लाट’ या चित्रात मात्र यांतला एकही शब्द पुरत नाही. तेथे प्रचंड लाटेचा माथा मागून येणाऱ्या प्रकाशाने हिरवट आणि अर्धपारदर्शक झाला आहे. ‘लाट आतून उजळली आहे’ असे साधे वाक्यच तेथे अधिक खरे ठरते.

‘उजळ’ आणि ‘तेजस्वी’ यांचीही गल्लत होते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८७२ मध्ये फ्रान्समधील ल आव्र बंदराचे जे सूर्योदयाचे चित्र रंगवले, त्यातील नारिंगी सूर्य आपल्याला विलक्षण तेजस्वी वाटतो. परंतु त्याच चित्राचे कृष्णधवल छायाचित्र पाहिले तर तो जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्याचा उजळपणा भोवतालच्या करड्या-निळ्या आकाशाइतकाच आहे. त्याचे तेज केवळ रंगविरोधातून आलेले आहे, तेव्हा त्याला ‘उजळ’ म्हणणे चूक आणि ‘तेजस्वी’ म्हणणे योग्य. मला हा भेद फार मोलाचा वाटतो, कारण तो लक्षात घेतला की चित्रकाराने नेमके काय साधले ते दिसू लागते.

आता ‘मूड’. बोलण्यात हा शब्द रुळलेलाच आहे आणि त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. लिहिताना मात्र तो दोन अर्थ एकत्र करतो. चित्रातील हवा, धुके, ढगांचे दडपण हे ‘वातावरण’. त्यातून पाहणाऱ्याच्या मनात जी स्थिती उमटते ती ‘भाववृत्ती’. जर्मन चित्रकार कास्पर डाव्हिड फ्रीडरिख यांच्या १८०८ ते १८१० या काळातील ‘समुद्रकाठचा संन्यासी’ या चित्रात खाली समुद्राची अरुंद काळी पट्टी, वर अफाट आकाश आणि काठावर एकच इवलीशी आकृती आहे. या चित्राचे वातावरण कुंद आहे, तर त्याची भाववृत्ती एकाकीपणाची आहे. ‘वातावरण एकाकी’ असे लिहिले, तर ते कुंद आभाळ वाचकाच्या डोळ्यांपुढे येतच नाही.