मऊ पडलेल्या नीरफणसाचा केकसारखा गोड पदार्थ होतो का?

तुम्ही लिहिलंय की दारात नीरफणसाचं (ब्रेडफ्रूटचं) झाड आहे, पावसाळ्यात फळं एकदम तयार होतात, काप आणि भाजी करून करून कंटाळा येतो, आणि मऊ पडलेली फळं शेवटी टाकावी लागतात. त्यांचा केकसारखा भाजलेला गोड पदार्थ होईल का?

होतो, आणि तुम्ही टाकून देता त्या मऊ फळाचाच होतो. टणक फळाचा नाही.

आपल्या कोकणात आणि गोव्यात नीरफणस खायचा तो कच्चाच. जून झालेला पण दगडासारखा टणक असला की मीठ-तिखट-हळद लावून, रव्यात नाहीतर तांदळाच्या पिठात घोळवून काप, किंवा ओलं खोबरं घालून भाजी. बोट दाबून रुतलं की ‘हा गेला’ म्हणून फळ बाजूला. आमच्याकडेही वर्षानुवर्षं हेच चालायचं. पण ते फळ गेलेलं नसतं, पिकलेलं असतं. टणक फळात सगळा पिठूळपणा असतो, म्हणून ते बटाट्यासारखं लागतं. उतरवल्यावर दोन-तीन दिवसांत त्या पिठाची साखर व्हायला लागते. गर पिवळसर, लोण्यासारखा मऊ होतो आणि वास येतो केळं आणि फणस यांच्या मधला. फणसाचा भाऊबंदच तो, एकाच कुळातला.

हे फळ मूळचं ज्यांचं, त्या पॅसिफिक बेटांवर दोन्ही अवस्था खातात. सामोआ, ताहिती, हवाई इकडे टणक फळ अख्खंच्या अख्खं विस्तवात भाजतात, साल काळी होईपर्यंत, आणि पिकलेल्याचे नारळाच्या दुधातले गोड पदार्थ करतात. ताहितीत ‘पोए’ म्हणून एक प्रकार आहे. पपई, केळं अशा फळांचा गर आणि आरारूटसारखं सत्त्व कालवून भाजायचं, चौकोनी तुकडे पाडायचे आणि वर नारळाचं घट्ट दूध ओतायचं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हे तर आपल्या धोंडसाच्या घरातलंच!

धोंडस म्हणजे मोठ्या जून काकडीचा, रवा-गूळ-खोबरं घालून टोपात वर-खाली निखारे ठेवून भाजलेला केक. गोव्यात त्यालाच तवसळी म्हणतात. मी पहिल्यांदा नीरफणसाचं धोंडस करायला घेतलं तेव्हा काकडीसारखाच टणक नीरफणस किसून कच्चा घातला. तासभर भाजूनही किसाचे धागे करकरीत राहिले, गूळ एकीकडे आणि फळ एकीकडे, आणि जिभेला चिकाची चरचर. तूप, गूळ, काजू सगळं वाया गेलं, फार वाईट वाटलं. पुढच्या खेपेला पिकलेला गर कुस्करून घातला आणि पहिल्याच वेळी जमलं. तेव्हापासून तीच रीत आहे.

फळ कसं निवडायचं ते नीट सांगते, कारण अर्धी कृती इथेच आहे. झाडावर पिकून खाली पडलेलं फळ फुटतं, मुंग्या लागतात, आंबूस वास येतो. ते वापरू नका. फळ जून झालं की झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने, उतरवा. जून झाल्याची खूण म्हणजे सालीवरचे उंचवटे सपाट होतात, मधल्या रेषा तपकिरी पडतात आणि चिकाचे वाळलेले ओघळ दिसतात. उतरवल्यावर देठ खाली करून ठेवा, चीक निथळून जाऊ दे. मग घरात उघड्यावर दोन-तीन दिवस. रोज दाबून बघा. पिकलेल्या हापूससारखं दबलं आणि गोड वास आला की त्याच दिवशी वापरायचं. दुसऱ्या दिवशी आंबायला लागतं. फळ अख्खं फ्रिजमध्ये ठेवू नका, साल काळी पडते आणि ते नीट पिकत नाही.

हाताला आणि सुरीला खोबरेल लावून उभे चार भाग करा. मधला गाभा काढून टाका, चमच्याने गर खरवडून घ्या. बी शोधत बसू नका, आपल्या नीरफणसाला बी नसतं. म्हणून तर याचं रोप मुळाला फुटलेल्या फुटव्यापासून करतात, आणि तुमचं झाडही कुणाच्या तरी परसातल्या फुटव्यातूनच आलेलं असणार. या एका गोष्टीने केवढं रामायण झालंय! कॅरिबियनमधल्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसायचं म्हणून इंग्रजांनी 1787 मध्ये विल्यम ब्लाय या आपल्या नौदल अधिकाऱ्याला ‘बाउंटी’ जहाज देऊन ताहितीला पाठवलं. बी नाही, म्हणजे जिवंत रोपंच न्यायची. हजारावर रोपं कुंड्यांत भरून निघाले आणि 1789 मध्ये खलाशांनी बंड करून ती समुद्रात फेकून दिली. ब्लाय पुन्हा गेला आणि 1793 मध्ये दुसऱ्या जहाजातून रोपं सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला पोचवली. एवढ्या जिवावरच्या खटाटोपाने फिरलेलं झाड आपल्या दारात आहे आणि त्याची फळं आपण उकिरड्यावर टाकतो, याची मला खरंच हळहळ वाटते.

आता प्रमाण. दोन वाट्या कुस्करलेला गर, एक वाटी जाडसर रवा, पाऊण वाटी चिरलेला गूळ, एक वाटी नारळाचं घट्ट दूध, अर्धी वाटी ओलं खोबरं, तीन मोठे चमचे तूप, चिमूटभर मीठ, वेलची आणि थोडं जायफळ. काजू हवे तेवढे. जायफळ वगळू नका, या गराला वेलचीपेक्षा तेच जास्त शोभतं.

रवा तुपावर मंद आचेवर भाजा, खमंग वास येईपर्यंत, पण तांबूस नको. नारळाच्या दुधात गूळ घालून कोमट करा आणि विरघळला की उतरवा. उकळलंत तर दूध फाटेल. त्यात गर, खोबरं, मीठ, मसाला आणि शेवटी रवा. मिश्रण आधी सैल दिसेल, घाबरून जास्त रवा घालू नका. अर्धा तास झाकून ठेवा, रवा फुगून इडलीच्या पिठापेक्षा जरा दाट होईल. एवढ्यावरही पातळ वाटलं तरच दोन चमचे रवा वाढवा. सोडा, बेकिंग पावडर काही लागत नाही, कारण हा फुगणारा केक नाही, दाट आणि ओलसर वडीसारखा आहे.

भांड्याला तूप लावून तळाशी हळदीची पानं पसरा. नीरफणस आणि हळदीची पानं पावसाळ्यात एकदमच मिळतात आणि त्या वासाने पदार्थ कुठल्या कुठे जातो. ओव्हन असेल तर 180 अंशांवर 45 मिनिटं. कडा सुटून तांबूस झाल्या आणि सुरी जवळजवळ स्वच्छ बाहेर आली की झालं. ओव्हन नसेल तर जाड बुडाचं पातेलं तव्यावर ठेवून, घट्ट झाकण लावून अगदी मंद आचेवर तासभर. यात वरची बाजू फिकी राहते. चूल असेल तर झाकणावर निखारे ठेवा. वरच्या विस्तवाने जी खरपूस साय धरते, ती ओव्हनलाही जमत नाही असं माझं मत आहे.

गरम असताना कापू नका. सुरीला लगदा चिकटतो आणि कच्चं राहिलं असं वाटतं. पूर्ण थंड झालं की घट्ट होतं, आणि दुसऱ्या दिवशी गूळ मुरल्यावर जास्तच छान लागतं. ओल्या खोबऱ्यामुळे बाहेर एक दिवसच टिकतं, पुढे फ्रिजमध्ये ठेवा.

फळं एकदम पिकली तर सगळ्यांचा गर काढून, वाटीने मोजून डब्यांत भरा आणि फ्रीजरमध्ये टाका. बर्फ वितळल्यावर गराला थोडं पाणी सुटतं, ते ओतू नका, त्यातच गोडी असते. नारळाचं दूध तेवढं कमी घ्या. एखादं फळ अर्धवट मऊ, अर्धवट टणक निघालं तर टणक भाग वेगळा वाफवून कुस्करा आणि गूळ एक वाटी करा. पूर्ण टणक असेल तर मात्र त्याचे कापच करा.