'स्टेट ऑफ फिअर' वाचावी का, आणि किती खरी मानावी?

पर्यावरणाविषयीच्या रूढ समजुतींवर शंका घ्यायला लावणारी थरारकथा कोणती आणि तिच्यावर कितपत विश्वास ठेवावा, असे आपण विचारले आहे. अशी सर्वाधिक गाजलेली कादंबरी म्हणजे मायकेल क्रायटन यांची डिसेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली 'स्टेट ऑफ फिअर'. तापमानवाढीची धास्ती लोकांच्या मनात कायम राहावी म्हणून काही अतिरेकी अंटार्क्टिकातील हिमखंड तोडण्यापासून प्रशांत महासागरात त्सुनामी उठवण्यापर्यंतचे घातपात आखतात, आणि एमआयटी या अमेरिकेतील नामवंत तंत्रविद्यापीठातील प्राध्यापक केनर व इव्हान्स हा तरुण वकील त्यांच्या मागावर निघतात. वेग उत्तम आहे. पात्रे मात्र पुठ्ठ्याची आहेत, आणि बिचाऱ्या इव्हान्सला विमानात बसल्या बसल्या कोणी ना कोणी व्याख्यान ऐकवतच असते.

या कादंबरीला तळटीपा, आलेख आणि ग्रंथसूची आहे. पात्रे काल्पनिक असली तरी तळटीपा खऱ्या आहेत, असे आरंभीच बजावलेले असल्यामुळे वाचक नेमका तिथे गाफील राहतो. तापमानवाढीच्या दाव्यांवर शंका घेणारा केनर एकेका ठिकाणच्या तापमानाचे आलेख पुढे करतो; त्यांतले काही चढते, तर काही चक्क उतरते आहेत. शहर वाढले की सिमेंट आणि डांबराची उष्णता नोंदीत मिसळते, हा त्याचा मुद्दा रास्त आहे आणि मुंबईकराला तो समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु जागतिक सरासरी काढताना शास्त्रज्ञ हा परिणाम विचारात घेतात. मुख्य अडचण सुट्या हवामान केंद्रांच्या निवडीची आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला जेमतेम पाऊणशे मिलिमीटर. एखाद्याने केवळ कुलाब्याची नोंद दाखवून त्या दिवशी मुंबईत विशेष काही घडले नाही असे म्हटले, तर त्याची तळटीप अगदी बिनचूक ठरेल. (त्या एका दिवसाच्या पावसावरून तापमानवाढ सिद्ध झाली असे सांगणाऱ्यालाही केनरने अडवलेच असते, आणि ते योग्यच झाले असते.)

अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांच्या तापमानवाढीविषयीच्या १९८८ च्या भाकिताबाबतही हेच घडले आहे. त्यांनी तीन शक्यता मांडल्या होत्या आणि त्यांपैकी मधली सर्वांत संभाव्य म्हटली होती. कादंबरीत मात्र सर्वांत टोकाची शक्यता गृहीत धरून त्यांचा अंदाज तीनशे टक्क्यांनी चुकल्याचे सांगितले जाते. अंटार्क्टिकाच्या काही भागांत थंडी वाढल्याचे ज्यांच्या संशोधनात आढळले होते, त्या पीटर डोरान यांनी तर आपल्या निष्कर्षांचा विपर्यास होत असल्याचे २००६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सांगितले आणि त्यात या कादंबरीचाही उल्लेख केला. डासांवर फवारल्या जाणाऱ्या डीडीटी या कीटकनाशकावरील बंदीने मलेरियाचे लक्षावधी बळी घेतले हा कादंबरीतला दावाही असाच अर्धवट आहे: अमेरिकेतील १९७२ ची बंदी मलेरियाच्या फवारणीवरची जागतिक बंदी नव्हती, आणि मुंबईजवळच्या रसायनी येथील सरकारी कारखान्यात त्यानंतरच्या काळातही डीडीटी तयार होत होते.

असे असूनही मी ही कादंबरी वाचा असेच सांगेन, आणि ते प्रामुख्याने त्यातील प्राध्यापक हॉफमन या पात्राच्या प्रकरणासाठी. राजकारणी, वकील आणि प्रसारमाध्यमे यांना समाज सतत भयभीत राहिलेला सोयीचा असतो, हे त्याचे प्रतिपादन तऱ्हेवाईक वाटले तरी सहज झटकून टाकता येत नाही; आपल्याकडच्या वृत्तवाहिन्यांचा पावसाळ्यातील आरडाओरडा ऐकणाऱ्याला तर नाहीच.

शेवटी दिलेले लेखकाचे मनोगत मात्र शक्यतो आधी वाचावे, त्याने रहस्य फुटत नाही. कार्बन डायऑक्साइड वाढत आहे आणि त्याला बहुधा माणूसच कारणीभूत आहे, हे क्रायटन तिथे स्वतः मान्य करतात, आणि पुढील शतकातील तापमानवाढीचा आपला अंदाज ०.८१२४३६ अंश असल्याचे थट्टेने नोंदवतात. ते वाचून झाल्यावर केनर इव्हान्सला निरुत्तर करतो तेव्हा आपण लगेच टाळ्या पिटत नाही.